ताट मागे न सारणारा माणूस

या, असे इकडे सरका. सतरंजीची ही कड मोकळी आहे. टाळ मागे ठेवलेत तर मांडी नीट बसेल. आज गजर नाही, चोपदार नाही, कुणा राजाचं आख्यान नाही. तलासरीच्या एका पाड्यावरच्या बाईची गोष्ट सांगायची आहे, आणि तिच्या नवऱ्याच्या यकृताची. हसू नका. कीर्तनात हृदयाला मान असतो, डोळ्यांना असतो, जिभेला तर फारच असतो. उजव्या बरगडीखाली मुकाट राबणाऱ्या त्या मांसाच्या गोळ्याचं नाव कुणी घेत नाही. ते ज्या दिवशी राबायचं थांबतं, त्या दिवशी माणसाचं काय होतं, आणि त्याच्या शेजारी बसलेल्या माणसाचं काय होतं, एवढंच सांगतो. लक्ष द्या.

दोन हजार अठराचा दसरा होऊन चार-सहा दिवस झाले होते. डहाणूतल्या एका सोनोग्राफीच्या खोलीत जमना भिंतीला पाठ लावून उभी होती. हातात नवऱ्याची कापडी पिशवी, पिशवीत त्याचा टॉवेल आणि पाण्याची बाटली. टेबलावर तिचा नवरा, कीर्तनकार बारक्याबुवा, उताणे पडले होते. सदरा वर केलेला, पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं, डोळ्यांचा पांढरा भाग हळदीच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखा. डॉक्टर पोटावर गार चिकट काहीतरी लावून यंत्र फिरवत होते आणि समोरच्या पडद्यावर राखाडी ढग सरकत होते. त्या ढगात आपल्या नवऱ्याचं काय आहे हे जमनाला कळेना. तिला वाटलं, समुद्रावरच्या धुक्यात होडी शोधावी तसं हे शोधतायत. मग डॉक्टरांनी पडद्यावरची नजर न हलवता, बस कितीची आहे हे विचारावं तसं विचारलं, की दारू किती वर्षं पिताय. बुवांनी गळ्यातली तुळशीची माळ बोटाने उचलून दाखवली. डॉक्टर म्हणाले, "माळ सगळेच दाखवतात, मामा. लिव्हर काय दाखवतं ते मी बघतोय." दाराजवळचा मदतनीस हसला. आणि काय झालं ते जमनाला नंतर कधीच नीट सांगता आलं नाही, पण तीसुद्धा हसली. मोठ्यांदा नाही, मोठी माणसं हसली की आपणही ओठ ताणावेत, तेवढंच. बुवांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि माळ हळूच पुन्हा छातीवर ठेवली.

परतीच्या बसमध्ये बुवा खिडकीला डोकं टेकून झोपले आणि जमना त्यांच्या झोपलेल्या तोंडाकडे बघत बसली. बाहेर चिकूच्या वाड्या मागे पडत होत्या, मग भाताची कापलेली शेतं, मग गवताचे डोंगर. लिव्हर सुकलंय, आकसलंय, पोटात पाणी झालंय, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण तिच्या कानात तेवढं उरलं नव्हतं. तिच्या कानात ते हसू होतं. खरंच पीत असेल का हा? हा प्रश्न तिने मनात आणला नाही, तो आपोआप येऊन शेजारच्या सीटवर बसला, आणि तलासरी येईस्तोवर उतरला नाही. एकवीस वर्षांची माळ. तिच्या पाड्यावर ताडी कुणाला लाजेची नव्हती. पाहुणा आला की ताडी, लग्न ठरलं की ताडी. लाज होती ती माळ घालून पिणाऱ्याला. आणि बुवांचा पखवाजवाला काळ्या तर पिणाराच. त्याने माळ कधी घेतलीच नव्हती. तो म्हणायचा, मी देवाला बाहेरून हात जोडतो, आतून नाय. कीर्तन आटोपलं की हे दोघे मागे राहायचे, वाद्यं बांधायची म्हणून. वाद्यं बांधायला किती वेळ लागतो? एक पखवाज, एक पेटी, टाळांची पिशवी. जमना बसमध्ये त्या दोऱ्या मनातल्या मनात पुन्हा पुन्हा बांधत होती आणि प्रत्येक वेळी त्या लवकर बांधून होत होत्या.

तिने त्याला पहिल्यांदा पाहिलं ते कोसबाडच्या बाजूला, तिच्या माहेरच्या पाड्यावर. तेव्हा तो बुवा नव्हता. बायजीचा पोरगा बारक्या होता. काडीसारखे पाय, गळ्याची हाडं वर आलेली, आणि त्या हाडांमधून निघणारा आवाज असा की पाणी भरायला निघालेल्या बाया हंडे डोक्यावर तसेच ठेवून उभ्या राहिल्या. जमनाच्या डोक्यावरच्या हंड्यातलं पाणी मानेवरून पाठीत उतरत होतं आणि तिला ते कळत नव्हतं. पुढे लग्न झाल्यावर तिने त्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, त्या दिवशी मला दोन दिवसांची भूक होती, भूक गात होती ती. खोटं नसणार. बायजी पावसाळ्यात रानातले कडू कंद आणायची, चिरून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायची, तरी कडूपणा पूर्ण जायचा नाही. नाचणीची आंबील संपली की तेच. ज्या घरात तेलाची वाटी देवापुढच्या दिव्यापुरती असायची, त्या घरातला हा पोरगा कीर्तनाला म्हणून बोर्डीच्या वाडीवाल्यांकडे जाऊ लागला, आणि तिथे त्याच्या पानात पहिल्यांदा तूप पडलं. तो वास घेऊन तो घरी आला होता. हाताला लागलेला वास जमनाला हुंगायला दिला होता त्याने, जसा कुणी फुलाचा देतं तसा. मग ते रोजचं झालं. कुणाकडे सत्यनारायण, कुणाकडे बारसं, कुणाकडे वाडीतल्या चिकूचा पहिला तोडा. गाठिया, जिलेबी, तुपात थबथबलेला शिरा, चार चमचे साखरेचा चहा. बुवा, अजून एक वाढू का? आणि बुवांनी कधी हात आडवा धरला नाही. आपल्यासाठी कुणी वाढतं ही गोष्टच त्यांना इतकी मोठी वाटायची की पोट भरल्याचं त्यांच्या ध्यानात राहत नसे. उरलेली सुखडी, गूळ-तुपाच्या वड्या, कागदात बांधून जमनासाठी आणायचे. ती खायची आणि त्यांचे दंड भरत चाललेले बघायची. गळ्याची हाडं बुजली, पोट पुढे आलं, गाल चमकू लागले. पाणवठ्यावर बाया म्हणायच्या, जमनाचा नवरा बघा कसा लोण्यासारखा झालाय, आणि जमनाला ते स्वतःचं कौतुक वाटायचं. दोन हजार चौदा साली बोर्डीला शिबिर भरलं, तिथे कुणी एका डॉक्टरने पोट तपासून सांगितलं होतं की लिव्हरवर चरबी आहे, शुगर आहे, गोड आणि तेलकट कमी करा, चालत जा. तो कागद बुवांनी पोथीत ठेवला. संध्याकाळी कीर्तनात म्हणाले, डॉक्टर म्हणतात माझ्या अंगावर देवाची मेहेरबानी फार साचली आहे. सगळी माणसं हसली. जमनाही हसली होती; पण ते हसू निराळं होतं, ते आठवलं तरी चालणारं होतं.

डहाणूहून आल्यावर ती त्यांना हुंगू लागली. हे कुणाला सांगण्यासारखं नाही, पण असं झालं खरं. ते झोपले की टॉवेल नाकाशी धरायची, पेटीची खोळ उघडून आत तोंड घालायची. खोबरेल, घाम, जुना कापूर, कधी पेढ्याचा आंबूस वास. ताडीचा नाही. पण वास नाही याने तिचं समाधान होईना. तिला वाटायचं, वास सापडला असता तर बरं झालं असतं, मग रागावता तरी आलं असतं; रागावलं की माणूस जवळ येतं. आता तो हातभर अंतरावर पडलेला असायचा, आणि तिला हंड्याचं पाणी पाठीत उतरलं होतं तो दिवस हवा असायचा. मुलगी शितल वापीला कंपनीत कामाला होती, तिथेच मैत्रिणींबरोबर खोली करून राहायची. दर दोन दिवसांनी फोन करून म्हणायची, आई, मोठ्या दवाखान्यात ने. जमना म्हणायची, आधी कावीळ तर उतरू दे. कावीळ दवाखान्यात उतरत नाही, ती माळेने उतरते, हे तिच्या आजीला माहीत होतं, आईला माहीत होतं, तिलाही माहीत होतं.

ही माळ कशी असते तर, एका वेलाच्या काड्यांचे बारीक तुकडे, दोऱ्याच्या सरक्या गाठींत ओवलेले. वैदू ती डोक्यावर टोपीसारखी ठेवतो. दोन दिवसांनी ती वाढते, कपाळावरून गळ्यात येते, मग छातीवर, मग बेंबीपर्यंत. म्हणतात की ती कावीळ खाऊन लांबते. काड्या वाळून बारीक होतात, गाठी ढिल्या पडतात आणि दोरा सुटतो म्हणून ती लांबते, हे शितलने फोनवर सांगितलं, पण कुठल्याही आईने मुलीचं असं ऐकलेलं नाही. तर दिवाळीनंतर वैदूकडून ती माळ आणली, आणि डोक्यावर ठेवण्याआधी जमना बुवांना म्हणाली, "वैदूनं सांगितलाय, दोन माळा एका अंगावर चालायच्या नाय. ही तुळशीची उतरव." वैदूने असं काही सांगितलं नव्हतं. वैदूने फक्त तेल-तूप-डाळ-हळद बंद करा, पांढरा भात द्या, एवढं सांगितलं होतं. तिच्या तोंडून हे वाक्य जसं निघालं तसं ती स्वतःच दचकली, आणि तरी तिने ते मागे घेतलं नाही. कारण आत कुठेतरी तिची खात्री होत चालली होती की हा पिलेला आहे, पिऊन माळ घालून बसला आहे, आणि माळेचा हा अपमानच त्याच्या अंगात पिवळा होऊन भरलाय. माळ उतरली तर रोगही उतरेल. ती त्याला वाचवायला निघाली होती. हे ध्यानात ठेवा, ती वाईट बाई नव्हती. बुवांनी विचारलं, "वैदू बोलला?" ती हो म्हणाली. बुवांनी काही क्षण तिच्याकडे पाहिलं, पिवळ्या डोळ्यांनी, आणि मग मान पुढे केली. एकवीस वर्षांच्या घामाने काळ्या झालेल्या त्या मण्यांची गाठ तिला सुटेना, नखांनी सोडवावी लागली. माळ देव्हाऱ्यात ठेवली. गळ्याभोवती कातडीचा एक फिकट पट्टा उरला, ऊन न लागलेला.

पाड्यावर ज्यांना अक्षर येत नाही त्यांनीही तो पट्टा वाचला. काविळीची माळ बेंबीपर्यंत आली, वैदूने ती नदीत सोडायला सांगितली, सोडली. डोळे होते तसेच पिवळे राहिले. पण तोवर गोष्ट पाणवठ्यावर पोचली होती: बुवा पीत होते, डॉक्टरनं पकडलं, म्हणून स्वतःच माळ उतरवली. भजनी मंडळातल्या ज्येष्ठांनी निरोप पाठवला की आता कीर्तनाला उभं राहू नये, बसून ऐकायला हरकत नाही. बोर्डीच्या ज्या घरांनी एकेक चमचा वाढला होता, तिथून कुणी फिरकलं नाही. जमनाला हे सगळं कळत होतं, आणि एका वाक्यात ते मोडता येण्यासारखं होतं, आणि ते वाक्य तिच्याकडेच होतं. पण मी काढायला लावली म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, का? म्हणून ती गप्प राहिली. याच महिन्यात जमीन हलू लागली. आधी वाटलं कुठे खाणीत सुरुंग लावला. मग कळलं, भूकंपाचे धक्के आहेत; भिंतीवरची भांडी रोज वाजू लागली. घरं तडकली, माणसं बाहेर निजू लागली, सरकारी तंबू आले, आणि अख्खा पाडा मैदानात आला. कुणाच्या घरातलं काही झाकलेलं राहिलं नाही. बुवांचा नागडा गळा आता सगळ्यांच्या समोर होता, दिवसभर.

ती त्यांना पांढरा भात भरवत होती. तेलाचा थेंब नाही, डाळीचा दाणा नाही. दोन महिने गेले. त्यांचे दंड वितळले, गळ्याची हाडं पुन्हा वर आली, पाय काड्या झाले आणि त्या काड्यांवर ते मोठं पाण्याचं पोट. बारक्या परत येत होता, पण चुकीच्या वाटेने. मग त्यांचं बोलणं बिघडलं. दिवसा झोपायचे, रात्री टक्क जागे. पेटी पुढ्यात ओढून एक ओळ धरायचे आणि ती पूर्ण होण्याआधीच दुसऱ्याच अभंगाची ओळ तिला जोडायचे, आणि चुकलं हे त्यांना कळायचं नाही. एका सकाळी जमनाने भात पुढे ठेवला तर म्हणाले, "बायजी, कंद कडू हाय गं." बायजीला जाऊन पंधरा वर्षं झाली होती. तिला पहिल्यांदा भीती वाटली ती तेव्हा, आणि ती मरणाची नव्हती. हा माणूस जिवंतपणीच दूर निघून जाईल, आणि जे वाक्य मला याला सांगायचंय ते ऐकायला तिथे कुणी नसेल, ही ती भीती.

शितल रजा टाकून आली आणि आईला न विचारता गाडी करून दोघांना वलसाडला घेऊन गेली. तिथली डॉक्टरीण चाळिशीची, गुजराती वळणाचं मराठी बोलणारी. तिने बुवांना दोन्ही हात पुढे करून पंजे उभे धरायला सांगितलं, समोरची बस थांबवावी तसे. बुवांनी धरले. ज्या हातांनी तीस वर्षांत टाळ चुकवला नव्हता ते हात मनगटातून फडफडू लागले, पाखराने बसता बसता पंख मारावेत तसे, ताल नसलेले. जमनाने तोंड फिरवलं. डॉक्टरणीने मग जेवणाचं विचारलं, आणि पांढऱ्या भाताचं ऐकून तिचा चेहरा उतरला. अरे बेन, म्हणाली, उपाशी ठेवलंस याला. आजारी लिव्हर रात्रीपुरतं अन्नसुद्धा साठवून ठेवू शकत नाही. याला तर दर तीन तासांनी खायला पाहिजे, डाळ, दूध, दही, झोपताना एक भाकरी. चमचाभर तेलाने काही होत नाही, मीठ मात्र कमी. जमना ऐकत होती. ज्याने लहानपण भुकेत काढलं त्याला तिने पुन्हा तिथेच नेऊन सोडलं होतं, आणि ते प्रेमाने. वाढणारेही प्रेमाने वाढत होते. तिला वाटलं, प्रेमाचा अंदाज कुणालाच येत नाही का?

मग, हेच विचारायला इतक्या लांब आली होती की काय असं वाटावं अशा आवाजात तिने विचारलं, की हे दारूने झालंय का. डॉक्टरणीने उलट विचारलं, तू काम काय करतेस? चिकूच्या शेडमध्ये पॅकिंगला, जमना म्हणाली. मग तुला समजेल, असं म्हणून तिने खुर्ची पुढे ओढली. खाल्लेलं तेल-तूप पाण्यात मिसळत नाही, तर लिव्हर पित्त बनवतं. तेलकट भांड्याला साबण लावला की तेल फुटतं तसं पित्त आतड्यात तेल बारीक करतं, मग ते अंगाला लागतं. फिरत फिरत चरबी शेवटी लिव्हरकडे येते, तुझ्या शेडमध्ये वाडीतून माल येतो तशी. जास्तीची साखर येते, तिचीही लिव्हर चरबीच करतं. मग ही चरबी लिव्हर खोक्यांत भरतं. प्रथिनाची, अगदी बारीक खोकी. आणि रक्ताच्या गाडीवर चढवून हातापायांना पाठवून देतं. आता रोजच्या पन्नास खोक्यांच्या शेडमध्ये पाचशे खोक्यांचा माल आला तर? जमना म्हणाली, ढीग लागतो. ढिगाचं काय होतं? आतून तापतो, जमना म्हणाली, खालचे चिकू दबतात, पाणी सुटतं, आंबतात, मग बाजूचेही जातात. बरोबर, डॉक्टरीण म्हणाली. लिव्हर आतून तापत राहतं, वर्षानुवर्षं, दुखत नाही, सांगत नाही. जिथे जळलं तिथे घट्टे पडतात. घट्ट्यांतून रक्त जाईना की पाणी पोटात झिरपतं. पित्त अडलं की पिवळेपण. आणि पोटातली जी घाण लिव्हर रोज धुऊन काढतं ती न धुता डोक्यात चढते, म्हणून हा तुला बायजी म्हणतो. यातल्या कशालाही दारूची गरज नाही. चरबी आणि साखर पुरेशी आहे.

"म्हणजे याने पिली नाय?" जमनाने विचारलं.

डॉक्टरणीने सोनोग्राफीचा कागद पुढ्यात ओढला. मग म्हणाली, "पिली नाही असं मशीन सांगत नाही, बेन. न पिताही असंच दिसतं, एवढंच मी सांगू शकते. बाकी तुझा माणूस आहे. तू सांग."

हे वाक्य घेऊन जमना घरी आली. औषधात एक गोड पातळ औषध होतं. त्याने दिवसातून तीन-चार वेळा पोट साफ झालं की डोकंही साफ होणार होतं. शितल म्हणाली, बा, आता तुझं ज्ञान शौचाच्या वाटेने परत येणार, आणि बुवा कुठूनतरी खोलातून हसले. बदलायला दुसरं लिव्हर मिळालं तर वेगळं, नाहीतर काही महिनेच, असं डॉक्टरणीने शितलला बाजूला नेऊन सांगितलं होतं. शितलने ते आईला सांगितलं नाही, आणि आईने ते शितलच्या चालण्यावरून ओळखलं. जमना आता भाकरीवर चमचाभर तूप लावून भरवत होती आणि वाट बघत होती. एक अख्खी शुद्ध सकाळ तिला हवी होती. औषध चुकलं की धुकं यायचं, दिलं की थोडं विरळ व्हायचं; ती त्या विरळ जागेत हाक मारायची आणि बुवा भलतंच काही बोलायचे. या वाट बघण्यात तिने एकवीस वर्षं पुन्हा एकदा चालून काढली. ज्या ज्या रात्री तो मागे राहिला होता त्या प्रत्येक रात्री ती पुन्हा दारात उभी राहिली, आणि आता तिला आठवलं की तो यायचा तेव्हा आधी पाय धुवायचा, मग कागदाची पुडी तिच्या हातात द्यायचा, आणि ती खात असताना समोर बसून बघायचा, शेवटचा घास होईपर्यंत. पिऊन आलेला माणूस असा बसत नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ते ती ओळखत होती. डहाणूच्या त्या खोलीतही ओळखत होतीच. मग ती का हसली?

फेब्रुवारीतली ती सकाळ. मैदानात चुली पेटल्या होत्या, बाया चहा करत होत्या, थंडीने माणसं गोधड्या पांघरून बसलेली. बुवा तंबूच्या दाराशी उठून बसले आणि म्हणाले, "जमने, आज एकादशी हाय का?" तिचं नाव. तिने पाहिलं, डोळे पिवळेच होते पण आत माणूस होता. ती त्यांच्यापुढे खाली बसली. जग त्यांना बुवा, महाराज म्हणायचं. तिच्या लोकांत नवऱ्याला अरे-तुरेच करतात. ती म्हणाली, "शितलच्या बा, वैदू काय बोलला नव्हता. मी खोटा बोलले. मला वाटला तू पितोस."

"ठाऊक हाय," बुवा म्हणाले. "वैदू मला आधीच भेटलेला. दोन काय, दहा माळा घाल बोलला."

मग मान का पुढे केलीस, असं तिने विचारलं तेव्हा तिचा आवाज शेजारच्या चुलीपर्यंत गेला. बुवा शब्द शोधू लागले. ते हरवण्याआधी हाताला लागावेत म्हणून तिने श्वास धरला.

"लग्न झाल्यापासून तू कधी काय मागितलास मला? त्या दिवशी पहिल्यांदा मागितलास," ते म्हणाले. "कसा नाय बोलू?"

जमना उठली. तडकलेल्या घरात जायला मनाई होती, तरी गेली, आणि देव्हाऱ्यातून माळ घेऊन आली. मैदानाच्या मधोमध उभं राहून तिने बोलायला सुरुवात केली. तिला कीर्तनकारासारखं बोलता येत नव्हतं. शब्द मागेपुढे झाले. पण तिने सगळं सांगितलं: डहाणूतलं हसणं, टॉवेल हुंगणं, वैदूच्या नावावरचं खोटं, पांढरा भात. माळ यानं उतरवली नाही, मी उतरवायला लावली. हा कधी पिला नाही. मंडळातल्या ज्येष्ठांनी चहाचे कप खाली ठेवले. एक म्हातारी म्हणाली, तुला काय ठाऊक, नवऱ्याच्या पोटातलं बायकोला कळता काय? तेव्हा मागून काळ्या खाकरला. म्हणाला, "मावशी, कीर्तन झाल्यावर पंचवीस वर्षं माझा लोटा मी एकटाच संपवतो. हा समोर बसून सांगायचा, काळ्या, कमी कर. जोडीदार भेटला असता तर माझा लिव्हर पण आज चांगला नसता राहिला." कुणीतरी हसलं, मग अजून कुणी. ज्येष्ठ उठले, माळ स्वतः बांधतो म्हणाले, ती रीत होती. बुवांनी मान हलवली आणि जमनाकडे बोट केलं. तिच्या गळ्यात माळ नव्हती, ती सुकट खाणारी बाई. पण कुणी अडवलं नाही. गळा इतका बारीक झाला होता की गाठ दोनदा मागे सारावी लागली.

शुद्धीच्या अशा सकाळी नंतर तीन मिळाल्या. दोन शितलला मिळाल्या. एका सकाळी त्यांनी चिकूच्या खोक्यांची गोष्ट जमनाकडून पुन्हा पुन्हा ऐकून घेतली आणि म्हणाले, यावर निरूपण होईल, फार गोड होईल, बरा झालो की करतो. शिमग्याच्या आठ दिवस आधी ते गेले. त्यांना खांदा द्यायला बोर्डीची माणसंही आली. पण गोष्ट पाणवठ्यावरून कधी पुरती जात नाही. अजूनही कुठे कुठे म्हणतात, तो पिऊन मेलेला बुवा. जमना शेडमध्ये चिकू भरत असते. एखाद्या वेळी फळ हातात तसंच राहतं, शेजारणीने कोपराने हलवलं की खोक्यात जातं.

म्हणून तुम्हाला मागायचं ते हे. निरूपण राहून गेलं, ते काही आता होत नाही. पण प्रसादाला बसाल, कुणी मायेने पुन्हा वाढायला वाकेल आणि तुम्ही पानावर हात आडवा धराल, तेव्हा तो हात धरताना एकदा बारक्याबुवांची आठवण काढा. आणि शेजारच्याने विचारलंच कोण हे, तर सांगा, तलासरीकडचे कीर्तनकार होते. दारूचा थेंब त्यांना ठाऊक नव्हता, कुणाला नाही म्हणणं तेवढं जमलं नाही.